विश्लेषण : पेशी विभागताना काय चुकते? कमल रणदिवे यांनी त्याचा शोध कसा घेतला?

पावसाळ्यात उमरठच्या खाचरांत भाताची लावणी होते. काही दिवसांतच रोप मूळ धरते. तानाजी मालुसरे यांच्या या गावातल्या रोपांच्या मुळांच्या टोकाशी तेव्हा एका पेशीच्या दोन पेशी होत असतात. माणसाची जखमही अशीच भरून येते. मात्र हे विभाजन वेळेवर थांबले नाही, तर कर्करोग होतो. वनस्पतींच्या गुणसूत्रांपासून सुरुवात करून डॉ. कमल रणदिवे याच प्रश्नापर्यंत पोहोचल्या.

विभाजनाआधी काय होते?

पेशी आधी आपल्या डीएनएची पूर्ण नक्कल करते. माणसाच्या एका पेशीत ४६ गुणसूत्रे आणि सुमारे २ मीटर लांबीचा डीएनए असतो. त्यातील ६०० कोटींहून अधिक अक्षरांची नक्कल साधारण ८ तासांत होते. दुहेरी साखळी उलगडते आणि प्रत्येक धाग्यासमोर नवा धागा जुळतो. बहुतेक चुका तिथेच दुरुस्त होतात, पण काही राहून जातात. विभाजनाला लगाम घालणाऱ्या जनुकांत त्या साचल्या, तर पेशी बेसुमार वाढतात.

रणदिवे यांची वाटचाल कशी झाली?

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात जन्मलेल्या रणदिवे फर्ग्युसन महाविद्यालयात शिकल्या. मुलीने डॉक्टर व्हावे, असे वडिलांना वाटे. त्यांनी जीवशास्त्र निवडले. १९४३ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी एमएस्सी केली. विषय होता, सीताफळाच्या कुळातील वनस्पतींची गुणसूत्रे. पुढे मुंबईत डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी पीएचडी मिळवली.

त्यानंतर त्या अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी शरीराबाहेर वाढवण्याचे तंत्र शिकल्या. गाय यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये ‘हेला’ या अखंड विभागत राहणाऱ्या मानवी कर्कपेशी वाढवण्यात आल्या होत्या.

त्याचा उपयोग काय झाला?

मायदेशी परतून रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभारली. त्यामुळे कर्कपेशींचा अभ्यास इथेच होऊ लागला. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध मांडणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत त्या होत्या. १९७३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

‘आईला, मावशीला हा आजार होता का?’ असे डॉक्टर आज स्तनात गाठ आढळलेल्या महिलेला विचारतात. घराण्यात आजार असेल, तर तपासणी लवकर सुरू करता येते.