मेणबत्तीची गोष्ट आणि जिज्ञासू वाचक

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमधील ब्लँडफर्ड स्ट्रीटवर रीबो नावाच्या गृहस्थांचे पुस्तकविक्रीचे व पुस्तकबांधणीचे दुकान होते. १८०५ साली चौदा वर्षांचा एक मुलगा तेथे सात वर्षांच्या कराराने उमेदवारीला राहिला. मुलगा लोहाराचा. लिहिणे, वाचणे आणि थोडा हिशेब, एवढ्यावरच त्याचे शालेय शिक्षण संपले होते. बांधणीसाठी आलेली पुस्तके तो दिवसा शिवीत असे आणि काम संपल्यावर त्यांतील काही वाचीतही असे. मायकेल फॅराडे हे त्याचे नाव पुढे साऱ्या जगाला परिचित झाले.

त्याला विज्ञानाकडे वळविणाऱ्या वाचनात दोन गोष्टी मुख्य होत्या. एक म्हणजे ब्रिटानिका विश्वकोशातील विजेवरचा लेख आणि दुसरी म्हणजे रसायनशास्त्राची ओळख संवादरूपाने करून देणारे एक पुस्तक. या पुस्तकावर प्रथम कर्त्याचे नाव नव्हते. ते जेन मार्सेट या बाईंनी लिहिलेले होते. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हंफ्री डेव्ही यांची व्याख्याने त्यांनी ऐकली; परंतु विषय नीट उमगला तो एका स्नेह्याशी झालेल्या संभाषणातून आणि प्रयोग करून पाहिल्यावर. आपल्याला जी वाट सापडली ती इतरांनाही उपयोगी पडावी, म्हणून त्यांनी एक शिक्षिका आणि दोन मुली यांच्या संवादांतून हा ग्रंथ रचला. मुली शंका विचारतात, चुकतात, पुन्हा विचारतात; आणि वाचकही त्यांच्याबरोबर एकेक पायरी चढत जातो.

फॅराडेने हे पुस्तक कसे वाचले, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. उतारवयात लिहिलेल्या एका पत्रात त्याने सांगितले आहे की, आपली कल्पनाशक्ती लहानपणी इतकी तीव्र होती की विश्वकोशाइतक्याच सहजतेने अरबी सुरस कथांवरही आपला विश्वास बसला असता. त्याला वाचविले ते वस्तुस्थितीविषयीच्या आदराने. मार्सेटबाईंच्या पुस्तकात सांगितलेल्या गोष्टी त्याने आपल्या तुटपुंज्या साधनांनी जमेल तेवढ्या प्रयोग करून पडताळल्या. त्या खऱ्या ठरल्या, तेव्हा आपल्याला एक भक्कम आधार सापडला असे त्याला वाटले.

सुबोध विज्ञानग्रंथाची खरी कसोटी येथेच आहे. दुर्बिणीतून दिसणाऱ्या असंख्य ताऱ्यांची वा अणूच्या सूक्ष्मतेची वर्णने वाचून माणूस थक्क होतो. परंतु थक्क होणे म्हणजे समजणे नव्हे. नुसते चकित करणारे पुस्तक वाचकाला कथेचा श्रोता बनविते, तर पडताळण्याची वाट दाखविणारे पुस्तक त्याला विज्ञानाचा भागीदार करून घेते. एक आदराने मिटून ठेवले जाते. दुसरे मिटल्यावर हात काहीतरी करून पाहण्यासाठी शिवशिवू लागतात.

१८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने दिलेल्या तिकिटांमुळे फॅराडेला डेव्ही यांची चार व्याख्याने ऐकता आली. त्यांची टिपणे त्याने स्वच्छ लिहून, आपल्याच हातांनी बांधून डेव्ही यांच्याकडे पाठविली आणि १८१३ च्या मार्चमध्ये तो त्यांच्या प्रयोगशाळेत साहाय्यक झाला. ज्या व्याख्यानांतून मार्सेटबाईंचे पुस्तक उगवले, त्यांच्याच वक्त्यापाशी त्या पुस्तकाचा वाचक अशा रीतीने येऊन पोहोचला. १८३१ साली त्याने चुंबकाच्या साहाय्याने विद्युत्प्रवाह निर्माण करण्याचे तत्त्व शोधून काढले; वीजनिर्मितीची बहुतेक यंत्रे आजही त्याच तत्त्वावर चालतात.

एवढी कीर्ती मिळाल्यावरही मुलांपुढे उभे राहणे त्याने कमीपणाचे मानले नाही. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळच्या सुटीत मुलांसाठी होणाऱ्या व्याख्यानांच्या एकोणीस माला एकट्या फॅराडेने गुंफल्या. त्यांतील शेवटची, १८६० च्या डिसेंबरात सुरू झालेली मालिका मेणबत्तीवर होती. विल्यम क्रुक्स यांनी संपादिलेली ही सहा व्याख्याने १८६१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

घराघरात असणारी मेणबत्ती आणि तिच्यावर सहा व्याख्याने! पण फॅराडेचे प्रश्न पाहावेत. ज्योतीखाली वितळलेल्या मेणाची वाटी कशी तयार होते? ज्योतीमुळे हवा तापून वर जाते, तिच्या जागी थंड हवा कडेने येते आणि मेणबत्तीची कड वितळू देत नाही. वाटीतले मेण वातीतून वर कसे चढते? केशाकर्षणाने. मग जळते ते काय? मेणबत्ती विझविताच वातीतून जो पांढुरका धूर निघतो, त्याला थोड्या अंतरावरून पेटती काडी लावली, तर ज्योत त्या धुरातून खाली धावते आणि वात पुन्हा पेटते. म्हणजे जळते ती मेणाची वाफ. ज्योतीवर थंड भांडे धरले की त्याच्यावर पाणी साठते. अग्नीतून पाणी निघते, हे डोळ्यांनी दिसते. शेवटी फॅराडे मुलांना माणसाच्या श्वासापर्यंत आणून सोडतो. प्राणवायू घेऊन कर्बवायू बाहेर टाकणारे आपले शरीर त्या ज्योतीचे सगोत्रच आहे. कठीण असे काही गाळलेले नाही. फक्त प्रत्येक कठीण पायरीच्या आधी एक सोपी पायरी बांधली आहे.

गणिताला मेणबत्ती नसते. तेथे कोड्याने ते काम करावे लागते. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेली ‘लीलावती’ या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. भुंग्यांच्या थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ मालतीच्या फुलांकडे गेले, थव्याचे आठ नवमांशही त्यांच्यामागे गेले, एक भुंगा सुगंधाच्या लोभाने कमळात अडकला आणि त्याची सखी बाहेर गुंजारव करीत राहिली. तर थवा केवढा? चित्र मोहक आहे, पण त्यामागे वर्गसमीकरण दडलेले आहे. उत्तर बहात्तर येते आणि पडताळा वाचकाला स्वतःच घेता येतो : छत्तिसाचे वर्गमूळ सहा, आठ नवमांश म्हणजे चौसष्ट, आणि उरलेले दोन. या ग्रंथाची गोडी दूरवर पोहोचली. अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ साली त्याचे फारसी भाषांतर केले. चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ चा शिलालेख तर भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने स्थापिलेल्या मठाला मिळालेल्या दानाची साक्ष देतो.

शास्त्र सोपे केले की ते उथळ होते, असा आक्षेप विद्वान मंडळी कधीकधी घेतात. तो सर्वस्वी खोटा नाही. तर्क गाळून केवळ निष्कर्ष सांगितले की उथळपणा येतोच. परंतु तो दोष सोपेपणाचा नव्हे, आळसाचा आहे. रशियन लेखक याकव पेरेलमन यांचे ‘मनोरंजक भौतिकी’ १९१३ साली निघाले आणि पुढे अनेक भाषांत गेले. त्यातले प्रश्न साधे दिसतात, पण उत्तर देण्यापूर्वी वाचकाला थांबून विचार करावाच लागतो. दहा वर्षांचा नातू आणि सत्तर वर्षांचे आजोबा अशा पुस्तकाशी सारख्याच उत्कंठेने झटू शकतात, कारण तेथे वयाचा अधिकार चालत नाही. चालतो तो फक्त पडताळा.

मार्सेटबाई १८५८ पर्यंत हयात होत्या. फॅराडे आपले शोधनिबंध कृतज्ञतेने त्यांना पाठवीत असे. परंतु त्यांच्या ऋणाची खरी फेड त्याने केली ती मुलांसमोर मेणबत्ती पेटवून. कोणत्या घरातले मूल, कोणत्या दुकानातला उमेदवार आपले पुस्तक उघडील, हे लेखकाला कधीच ठाऊक नसते. म्हणून मराठीत असा ग्रंथ लिहिणाऱ्याने आणि तो मुलाच्या हाती देणाऱ्या पालकाने एवढे पाहावे की, त्यात मुलाला स्वतः करून पाहण्यासारखे काही आहे का. पुढे एखाद्या संध्याकाळी घरातली वीज जाईल, मेणबत्ती लावली जाईल, आणि ती विझविताना धुराला काडी लावून पाहण्याची बुद्धी त्या मुलाला झाली, तर पुस्तकाचे काम झाले असे खुशाल समजावे.