नीटला 318 मार्क, बीएएमएस मिळेल का? मार्कांआधी रँक आणि कागद बघा

2025 च्या नीटचा निकाल 14 जूनला लागला. तेव्हापासून आमच्याकडे एकाच धाटणीचे फोन येऊ लागले. "मुलीला 318 मार्क आहेत. एमबीबीएस होणार नाही हे कळतंय. पण आयुर्वेद तरी मिळेल ना?" कधी अब्बा विचारतात, कधी मामू, कधी शेजारची शिकलेली आपा. त्याच दिवसांत कराडकडच्या एका घरातून फोन आला. त्यांनी एका एजंटला 'सीट धरून ठेवायला' पन्नास हजार देऊनही टाकले होते. राज्याची बीएएमएसची पहिली फेरी तेव्हा सुरूसुद्धा झालेली नव्हती, मग त्याने धरली तरी कुठली सीट?

म्हणून हा हिशेब सविस्तर मांडतो आहोत.

पहिली गोष्ट, 2024 च्या मार्कांशी 2025 चे मार्क ताडून बघू नका. 2024 ला पेपर सोपा गेला, मार्कांचा पूर आला आणि सामान्य प्रवर्गाची पात्रतेची रेषा 720 पैकी 162 वर गेली. 2025 ला फिजिक्सने मुलांना रडवलं. देशात पहिल्या आलेल्या मुलाला 686 मार्क मिळाले आणि तीच रेषा 144 वर उतरली. 500 मार्कांचं उदाहरण घ्या. 2024 ला एवढ्या मार्कांवर देशातला क्रमांक दोन लाखांच्या पुढे होता. 2025 ला तेवढ्याच मार्कांवर तो साधारण पन्नास हजारांच्या आसपास होता. मार्क तेच, पण मूल रांगेत दीड लाख जागा पुढे. 2024 ला भाच्याला 430 ला मिळालं नाही, मग हिला 318 ला कसं मिळणार, असं म्हणून घरात रडारड सुरू असेल तर ती आधी थांबवा.

बघायचा तो रँक. दोन्ही वर्षी परीक्षेला बसलेल्यांची संख्या बावीस-तेवीस लाखांच्या घरात होती, त्यामुळे रँकची तुलना बऱ्यापैकी खरी उतरते. मुलीच्या निकालपत्रावर ऑल इंडिया रँक छापलेला असतो. राज्याचा सीईटी सेल दर फेरीनंतर कुठल्या कॉलेजात कुठल्या प्रवर्गाचा शेवटचा प्रवेश कितव्या क्रमांकावर झाला याची यादी लावतो. ती गेल्या वर्षीची यादी काढा आणि शेवटच्या फेरीची काढा. पहिल्या फेरीची बघितली तर उगाच धडकी भरते. बीएएमएसची यादी हळूहळू खाली सरकते, कारण वरची मुलं एमबीबीएस, बीडीएस मिळालं की निघून जातात. हे सरकणं पार दिवाळीच्या सुमारापर्यंत चालतं. घरची माणसं याच काळात धीर सोडतात आणि एजंटचे फोनही याच काळात वाढतात.

यादीत सरकारी, अनुदानित आणि खासगी कॉलेजं वेगवेगळी बघा. वरळीचं पोदार, नागपूर, नांदेड, धाराशिव, जळगाव ही सरकारी. पुण्याचं टिळक, सोलापूरचं शेठ गोविंदजी रावजी, कोकणात सावंतवाडीचं भाईसाहेब सावंत ही अनुदानित. इथे फी कमी, म्हणून रांग मोठी आणि क्रमांक वरचा लागतो. खासगी कॉलेजांत यादी बरीच खाली येते, पण फी वर्षाला लाखांत जाते आणि कोर्स साडेचार वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप असा साडेपाच वर्षांचा आहे. पसंतीक्रम भरताना मात्र सरकारी कॉलेजं वर टाकायला घाबरू नका. वर टाकलं म्हणून खालची जागा जात नाही.

आता कागदांकडे येऊ. आमचा अनुभव असा की आपल्या घरांत मार्कांपेक्षा कागदच जास्त जागा घालवतात.

'मुस्लिम' हा आरक्षणाचा प्रवर्ग नाही. 2014 च्या अध्यादेशातलं पाच टक्के आरक्षण त्याच वर्षअखेर संपलं, ते अजून चालू आहे असं समजणारे लोक आम्हाला आजही भेटतात. आरक्षण मिळतं ते जातीवर किंवा आर्थिक निकषावर. मोमीन-अन्सारी, बागवान, तांबोळी, पिंजारी, मणियार, कुरेशी अशा अनेक मुस्लिम जाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. शब्बीर अन्सारींनी उभ्या केलेल्या आणि दिलीपकुमारसाहेबांनी साथ दिलेल्या चळवळीमुळे नव्वदच्या दशकात हे दाखले मिळण्याची वाट मोकळी झाली. छप्परबंद विमुक्त जातींत येतात आणि जळगावकडचे तडवी भिल्ल अनुसूचित जमातीत. ओबीसी, एससी, एसटीसाठी पात्रता पन्नास नव्हे तर चाळीस पर्सेंटाइल आहे, म्हणजे 2025 ला 113 मार्क. बारावीच्या पीसीबीलाही पन्नासऐवजी चाळीस टक्के चालतात.

पण दाखला मागायला गेलं की घोडं अडतं. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात मास्तरांनी नुसतं 'मुसलमान' लिहून ठेवलेलं असतं. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा. आडनाव शेख किंवा पठाण असल्याने काही सिद्ध होत नाही आणि आज घरात बागवानी चालते एवढ्यानेही भागत नाही. अशा वेळी एकाच कागदावर अडून बसू नका. आजोबांच्या भावांचे, आत्यांचे शाळेचे उतारे काढा. तहसीलच्या अभिलेख कक्षात जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात, कोतवाल बुक असतं, तिथे जातीचा किंवा धंद्याचा उल्लेख सापडू शकतो. जुनं खरेदीखत चाळा. आणि वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नात्यात, चुलतभाऊ असो की चुलतआजोबा, कुणाला जात वैधता मिळालेली असेल तर तो कागद सोन्याचा समजा. त्यासाठी भाऊबंदकीतलं जुनं भांडण मिटवावं लागलं तर मिटवा.

जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, वैधता जिल्हा पडताळणी समितीकडून आणि नॉन-क्रिमीलेअर वेगळं. तिन्ही लागतात. 2025 च्या प्रवेशासाठी नॉन-क्रिमीलेअर 31 मार्च 2026 पर्यंत वैध लागत होतं. वैधतेचा अर्ज मूल अकरावी-बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत करायचा असतो. निकालानंतर धावपळ केली की हातात फक्त पावती उरते, आणि पावतीवर मुदत मिळेलच असा भरवसा धरू नका. ज्यांच्या घरात आता दहावीचं मूल आहे त्यांनी हा परिच्छेद कापून कपाटावर चिकटवावा.

ज्यांची जात कुठल्याच यादीत नाही त्यांच्यासाठी ईडब्ल्यूएस आहे. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर तहसीलमधून दाखला काढा. धर्माची आडकाठी नाही. मात्र ईडब्ल्यूएसला पात्रतेत सूट नाही, पन्नास पर्सेंटाइलच लागतो. आणि ओबीसी यादीतल्या कुटुंबाला वैधता मिळत नाही म्हणून ईडब्ल्यूएस काढता येत नाही. तसा काढलेला दाखला पुढे अंगाशी येतो.

मुलींच्या बाबतीत तर हा दाखला थेट पैशांचा प्रश्न आहे. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शासन भरतं. खासगी विनाअनुदानित कॉलेजातही, पण प्रवेश कॅप फेरीतून झालेला असेल तरच. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ही सवलत लागू नाही. म्हणजे एजंटच्या नादाने तीच मुलगी त्याच वर्गात, शेजारच्या बाकावर, कित्येक पट फी भरून बसू शकते. कराडच्या त्या अब्बांना आम्ही हेच सांगितलं. त्यांच्या घरात कुणाकडेच ईडब्ल्यूएस दाखला नव्हता, उत्पन्न आठ लाखांच्या कितीतरी खाली असून. पन्नास हजार परत मिळतील की नाही माहीत नाही, दाखल्याचा अर्ज मात्र दुसऱ्या दिवशी गेला.

व्यवस्थापन कोट्यालाही नीटची पात्रता लागतेच. पात्रतेच्या रेषेच्या (2025 ला 144 किंवा 113) खाली असलेल्या मुलाला 'आम्ही बसवतो' असं कुणी म्हणत असेल तर फोन ठेवून द्या. जागा रिकाम्या राहिल्यावर मागे काही वेळा पर्सेंटाइल खाली आणला गेला हे खरं, पण तो निर्णय सरकारचा असतो, एजंटचा नाही. सीमेपलीकडच्या एखाद्या कॉलेजचं नाव घेतलं जात असेल तर त्याला एनसीआयएसएमची यंदाची परवानगी आहे का ते आधी तपासा. मागच्या वर्षीची दाखवतील, ती चालत नाही.

युनानी, म्हणजे बीयूएमएस, याच अर्जात, याच गटात भरता येतं. मालेगाव, अक्कलकुवा, मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम अशी आपल्या संस्थांची कॉलेजं आहेत आणि अल्पसंख्याक दर्जाच्या कॉलेजात त्या समाजासाठी राखीव जागा असतात. 'मुस्लिम' असल्याचा थेट उपयोग होतो तो इथेच. अडचण आमच्या मराठी माध्यमाच्या मुलांची. उर्दू लिहिता-वाचता येत नसेल तर हा पर्याय भरण्याआधी माहितीपुस्तिकेतली भाषेची अट नीट वाचा. उलट बीएएमएसच्या पहिल्या वर्षाच्या संस्कृतला घाबरून काही घरं मागे सरतात, ते आम्हाला पटत नाही. देवनागरीत दहा वर्षं शिकलेल्या मुलाला ते जमतं.

आणखी एक. फेरीत जागा मिळाली, ती पसंत असेल तर प्रवेश घेऊन स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरायचा. तो न भरता घरी आलात आणि पुढच्या फेरीत वरच्या पसंतीचं कॉलेज लागलं, तर आधीची जागा आपोआप जाते, मग ते नवं कॉलेज घरापासून चारशे किलोमीटरवर का असेना. म्हणून जिथे मुलीला खरंच पाठवणार नाही असं कॉलेज यादीत वर टाकूच नका. अम्मी-अब्बा आणि मुलगी, तिघांनी एकत्र बसून यादी करा. सायबर कॅफेवाल्यावर सोडू नका. अर्जातला मोबाइल नंबरही घरातलाच द्या, ओटीपी त्यावरच येतो.