घाम, सुगंध आणि नाजूक त्वचा

ठाण्याची खाडी आणि उल्हास नदी यांच्या काठाने वसलेल्या ठाणे, डोंबिवली व कल्याण या शहरांत वर्षातील बहुतेक महिने हवा दमट असते. दमट हवेत घाम लवकर वाळत नाही. तो अंगावर आणि कपड्यांत साचून राहतो. कापडाच्या दुकानात उभ्या असलेल्या माणसाला वरच्या फळीवरचा तागा काढण्यासाठी दिवसभर हात उंचवावा लागतो, आणि रात्री दुकान वाढवून लोकलने परतताना कडी धरण्यासाठी तोच हात पुन्हा वर जातो. अशा जीवनक्रमात डिओडरंट ही चैनीची वस्तू राहिलेली नाही.

मात्र ज्यांची त्वचा नाजूक आहे, त्यांच्यासाठी तिची निवड कठीण होऊन बसते. एक लावावे तर आग होते, दुसरे लावावे तर पुरळ उठते आणि काहीच लावू नये तर चारचौघांत वावरताना संकोच वाटतो. महाविद्यालयात जाणारी मुलगी ही गोष्ट आईलाही सांगत नाही. गल्ल्यावर बसणारा तरुण गिऱ्हाइकापासून दोन हात दूर राहू लागतो. ‘अमुक कंपनीचे चांगले आहे’ हा सल्ला अशा वेळी फारसा उपयोगी पडत नाही, कारण एकाला मानवलेली वस्तू दुसऱ्याला मानवेलच असे नाही. आपल्या त्वचेला कोणता घटक सोसत नाही, याचा शोध आधी घ्यावा लागतो.

दुर्गंध येतो कोठून?

ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. शरीरभर पसरलेल्या एक्राइन ग्रंथी पाणी व क्षार बाहेर टाकून शरीर थंड ठेवतात. काखेत याखेरीज अपोक्राइन नावाच्या ग्रंथी असतात. त्या वयात आल्यावर कार्यरत होतात आणि त्यांच्या स्रावात प्रथिने व स्निग्ध द्रव्ये असतात. त्वचेवरील जिवाणू या स्रावाचे विघटन करतात, तेव्हा दुर्गंध निर्माण होतो. कांदा-लसणाचा वास घामात उतरू शकतो; परंतु ते वर्ज्य असलेल्या घरांतही काखेला दुर्गंध येतो, त्याचे कारण हेच. म्हणून बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या वा मुलीच्या घामाला एकाएकी वास येऊ लागला, तर त्यावर अस्वच्छतेचा ठपका ठेवू नये.

दुकानात एकाच फळीवर तीन निराळ्या वस्तू मांडलेल्या असतात. डिओडरंट जिवाणूंना आवर घालते किंवा वास झाकते. अँटीपर्स्पिरंटमधील ॲल्युमिनियमचे क्षार घामाच्या नलिकांची तोंडे तात्पुरती बंद करून घामच कमी करतात. बॉडी स्प्रे म्हणजे मुख्यतः अल्कोहोल आणि सुगंध. नाजूक त्वचेच्या व्यक्तीला सर्वाधिक त्रास बहुधा या तिसऱ्या प्रकारापासून होतो, आणि भेट म्हणून सर्वाधिक दिला जातो तोही हाच.

आग की ॲलर्जी?

त्वचेचा त्रास दोन प्रकारचा असतो. पहिला क्षोभाचा. वस्तू लावताच किंवा थोड्याच वेळात चुरचुरते, आग होते. केस काढल्यानंतर लगेच अल्कोहोलयुक्त स्प्रे मारला तर कोणाच्याही काखेत असे होऊ शकते. केस काढल्यावर एक दिवस काहीही न लावणे आणि अल्कोहोलविरहित रोल-ऑन किंवा क्रीम वापरणे, एवढ्याने अनेकांची तक्रार मिटते.

दुसरा प्रकार ॲलर्जीचा. येथे एक-दोन दिवसांनी खाज, लाली व बारीक पुरळ येते, आणि अनेक वर्षे वापरलेली वस्तूही अचानक सोसेनाशी होऊ शकते. डिओडरंटच्या बाबतीत या ॲलर्जीचे सर्वांत नेहमीचे कारण सुगंधी द्रव्ये हे आहे. एके काळी डिओडरंटमध्ये सर्रास वापरले जाणारे ‘लायरल’ हे सुगंधी रसायन इतक्यांना बाधले, की युरोपीय महासंघाने २०२१ पासून ते असलेल्या प्रसाधनांची विक्री बंद केली.

पुरळ कोठे आहे, हेही आरशात नीट पाहावे. काखेच्या मधल्या खोलगट भागात, म्हणजे जेथे डिओडरंट लागते तेथे पुरळ असेल, तर संशय डिओडरंटवर घ्यावा. मधला भाग स्वच्छ असून पुरळ कडेच्या घड्यांवर, बाहीच्या शिवणीशी असेल, तर कारण कपड्याचा रंग किंवा कापडावरील प्रक्रिया असण्याची शक्यता अधिक. नवे गडद रंगाचे कृत्रिम धाग्याचे कपडे न धुता घालणाऱ्यांनी, विशेषतः कापडाच्या व्यवसायातील बांधवांनी, हा भेद ध्यानात ठेवावा.

वेष्टन वाचण्याची सवय

माल घेताना आपण बिल ओळीने तपासतो. तीच सवय येथे उपयोगी पडते. प्रसाधनाच्या वेष्टनावर घटकांची यादी असते आणि अधिक प्रमाणातील घटक आधी लिहिलेले असतात. आरंभीच अल्कोहोल आणि पुढे ‘फ्रॅग्रन्स’ किंवा ‘परफ्यूम’ हा शब्द असेल, तर नाजूक त्वचेसाठी ती बाटली बाजूला ठेवावी. ‘अनसेंटेड’ या शब्दावर विसंबू नये. मूळ वास झाकण्यासाठी त्यात सुगंध घातलेला असू शकतो. ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ असे लिहिलेले असले, तरी यादी वाचून खात्री करून घ्यावी. काही जेल व स्टिकमधील प्रोपिलीन ग्लायकॉलही नाजूक त्वचेला बोचते.

‘नैसर्गिक’ हा शब्द सौम्यतेची हमी देत नाही. लॅव्हेंडर, लिंबू, टी-ट्री यांची तेले वनस्पतिजन्य आहेत. पण त्यांतील काही द्रव्ये हवेच्या संपर्काने बदलतात आणि ॲलर्जी निर्माण करू शकतात. खाण्याच्या सोड्याचेही तसेच. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, तर सोडा अल्कधर्मी. तो रोज चोळल्यास त्वचा कोरडी पडून लाल होते. तुरटी अनेकांना मानवते, कारण ती जिवाणूंना रोखते आणि तिला वास नसतो. मात्र तुरटी हाच मुळी ॲल्युमिनियमचा क्षार आहे. तेव्हा ‘ॲल्युमिनियममुक्त’ म्हणून विकला जाणारा तुरटीचा स्फटिक घेताना त्या दाव्याला भुलू नये.

सौम्य पर्यायांत मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड किंवा झिंक रिसिनोलिएट असलेले, सुगंधविरहित रोल-ऑन वा क्रीम पाहावे. यांतील दुसरा घटक एरंडेलापासून मिळणाऱ्या आम्लाचा जस्ताशी झालेला संयोग आहे. जस्ताचा हा उपयोग जुनाच आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे १८८८ मध्ये निघालेले ‘मम’ हे प्रारंभीचे डिओडरंटही जस्ताच्या संयुगाचे मलमच होते.

घटकांचे मूळ

आपल्या घरांत आणखी एक प्रश्न विचारला जातो, आणि तो रास्त आहे. ग्लिसरीन व स्टिअरिक आम्ल वनस्पतींच्या तेलापासून मिळते, तसेच प्राण्यांच्या चरबीपासूनही मिळते. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून येते, तर ‘बीजवॅक्स’ हे मधमाश्यांचे मेण. कस्तुरी व जवादी मांजराचा स्राव ही सुगंधाच्या व्यापारातील जुनी प्राणिजन्य द्रव्ये. आज त्यांची जागा बहुतांशी कृत्रिम रसायनांनी घेतली आहे. भारताने २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांवर, आणि त्याच वर्षी अशा चाचण्या केलेल्या प्रसाधनांच्या आयातीवरही बंदी घातली. परंतु चाचणी नसणे आणि घटक वनस्पतिजन्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही वेष्टनांवर हिरवा ठिपका आढळतो. तो नसेल, तर वेष्टनावर दिलेल्या ग्राहक सेवेच्या पत्त्यावर लेखी विचारणा करावी. सुगंध वगळला की संशयास्पद घटकांची यादीही आपोआप आखूड होते. त्वचेला हितकर आणि मनाला पटणारी वस्तू येथे पुष्कळदा एकच ठरते.

घरी करावयाची परीक्षा

पुरळ पूर्ण बरे होईपर्यंत काखेत काहीही लावू नये. त्यानंतर नवे रोल-ऑन किंवा क्रीम कोपराच्या आतील बाजूस, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी, दिवसातून दोनदा असे किमान सात दिवस लावावे. खाज वा लाली आली तर लगेच थांबवावे. काही न झाल्यास आधी एकाच काखेत वापरून पाहावे. एका वेळी एकच नवी वस्तू घ्यावी. साबण, पावडर आणि डिओडरंट एकदम बदलले, तर दोष कोणाचा हे कळणार नाही.

सोबत काही साध्या गोष्टी पाळाव्यात. सौम्य साबणाने धुऊन काख टिपून कोरडी करावी. सुती गंजी घालावी व शक्य असल्यास दुपारी बदलावी. कपड्यांतून साबणाची पावडर नीट निघेल असे खळबळून घ्यावे. सुगंधाची आवड असेलच, तर अत्तर त्वचेला न लावता रुमालाला लावावे. काहींना तेही बाधते, म्हणून बेताने.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

पाणी सुटणारे पुरळ, पू असलेल्या व वारंवार येणाऱ्या गाठी, किंवा कडा उठलेले खाजरे चट्टे दिसल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. आपल्या दमट हवेत काखेत बुरशीचा संसर्गही होतो. त्यावर चिठ्ठीशिवाय आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम लावल्यास खाज तात्पुरती थांबते आणि संसर्ग मात्र पसरतो. काख व मान काळवंडून त्वचा मखमलीसारखी जाड झाली असेल, तर दोष डिओडरंटला देण्याआधी रक्तातील साखर तपासून घ्यावी. इन्शुलिनचा परिणाम मंदावल्याची ती खूण असू शकते. बैठा व्यवसाय आणि मधुमेहाचा कौटुंबिक इतिहास असलेल्या घरांनी याकडे दुर्लक्ष करू नये.

त्रास पुन्हा पुन्हा होत असल्यास तज्ज्ञ ‘पॅच टेस्ट’ सुचवतात. तीत संशयित द्रव्यांच्या पट्ट्या पाठीवर दोन दिवस चिकटवतात आणि त्या काढल्यावर व पुन्हा दोन दिवसांनी त्वचा तपासतात. त्या काळात पाठ ओली करता येत नाही आणि घामाने पट्ट्या सुटतात. म्हणून ही तपासणी हिवाळ्यात करून घेणे सोयीचे. खासगी तज्ज्ञांखेरीज कळव्यातील महापालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयातही त्वचेच्या तक्रारी दाखवता येतात. जाताना घरात वापरात असलेली साबण, पावडर, स्प्रे ही सर्व वेष्टने पिशवीत घालून न्यावीत. निदानासाठी तज्ज्ञांना त्यांचाच सर्वाधिक उपयोग होतो, आणि चाचणीत सापडलेल्या घटकाचे नाव कागदावर लिहून पाकिटात ठेवले, की पुढची खरेदी त्या नावाकडे पाहून करता येते.