नवी बॅटरी घेण्यापूर्वी



रोहिणी नक्षत्र तोंडावर आले की भाताच्या धूळवाफ पेरणीची घाई उडते. अशाच एका सकाळी आमचा जुना लहान ट्रॅक्टर सेल्फ मारताच नुसता ‘कट्’ असा आवाज करून गप्प बसला. आम्ही बॅटरीलाच दोष दिला आणि उसनेपासने करून नवी आणली. तीन आठवड्यांत तीही उतरली. शेवटी एका जाणत्या मेकॅनिकने पाहिले, तर दोष बॅटरीत नव्हताच. नाताळापूर्वी ट्रॅक्टरला रंग दिला, तेव्हा अर्थिंगची तार आम्ही रंगावरच आवळली होती. रंगातून वीज नीट वाहत नाही. चार आण्यांच्या पॉलिश पेपरचे काम आम्हांला एका बॅटरीला पडले! आपले तसे होऊ नये म्हणून हे चार शब्द.

आधी जपणूक. चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. जवळ बिडी, काडी, कंदील नको. तारा सोडवताना सांगाड्याला जोडलेली तार आधी काढावी व जोडताना ती शेवटी जोडावी. ॲसिड डोळ्यांत उडाले तर लगेच स्वच्छ पाण्याने निदान १५ मिनिटे डोळे धुवावेत आणि डॉक्टरांकडे जावे.

आता तपासणी. त्यासाठी एक साधा व्होल्ट मीटर पुरेसा आहे.

१) टर्मिनल व तारा. पांढरी-हिरवी भुकटी साचली असल्यास तारा सोडवून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी. हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. अर्थिंगच्या बोल्टखालचा गंज व रंग घासून चकचकीत करावा, घट्ट आवळावे, वर व्हॅसलीन लावावे.

२) उभ्या ट्रॅक्टरवर. रात्रभर उभा असताना १२ व्होल्टच्या भरलेल्या बॅटरीवर मीटर सुमारे १२.६ दाखवतो. १२.२ म्हणजे ती निम्मी उतरली आहे. १२ च्या खाली असल्यास आधी ती बाहेर पूर्ण चार्ज करून घ्यावी, मगच पुढचा निवाडा करावा.

३) सेल्फ मारताना. भरलेली बॅटरीही ९.५ च्या खाली घसरली तर बहुधा तिचे आयुष्य संपत आले. ती टिकून राहिली, तरी सेल्फ फिरत नसेल, तर मीटरची एक तार बॅटरीच्या अर्थिंगच्या टोकाला व दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावून पुन्हा सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर अर्थिंगचा जोड खराब आहे. आमचा दोष इथेच सापडला.

४) इंजिन चालू असताना. मध्यम वेगावर १३.८ ते १४.४ व्होल्ट यावेत. आकडा उभ्या ट्रॅक्टरइतकाच राहिला, तर चार्जिंग होत नाही. इंजिन बंद करून आधी पट्टा अंगठ्याने दाबून पाहावा. तो बोटभर रुंदीपेक्षा जास्त दबत असेल, तर ताणून घ्यावा. मग डायनॅमोच्या किंवा अल्टरनेटरच्या तारा पाहाव्यात. आकडा १५ च्या वर गेला, तर रेग्युलेटर बिघडला आहे. अशा वेळी बॅटरीतील पाणी भराभर आटते.

५) रात्रीत बॅटरी उतरते? चावी व दिवे बंद करून अर्थिंगची तार सोडवावी आणि तार व बॅटरी यांच्यामध्ये १२ व्होल्टचा छोटा बल्ब जोडावा. तो पेटला, तर कुठेतरी वीज गळते आहे. एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, त्या वाटेवर दोष आहे.

एक पथ्य कटाक्षाने पाळावे. इंजिन चालू असताना बॅटरीची तार कधीही काढू नये. ‘चार्जिंग होते का ते पाहू’ म्हणून अनेक जण असे करतात आणि चांगला अल्टरनेटर जाळून घेतात.

झाकणे उघडणारी बॅटरी असेल, तर महिन्यातून एकदा पाण्याची पातळी पाहून फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे पाणी नको, ॲसिडही नको. ट्रॅक्टर बरेच दिवस उभा राहणार असेल, तर बॅटरी भरून अर्थिंगची तार सोडून ठेवावी. निकामी बॅटरी अंगणात फोडू नये. तिच्यातील शिसे लेकरांना फार बाधते. ती दुकानदाराला परत द्यावी.

दुखणे ओळखल्यावाचून औषध घेऊ नये, हे आपण जाणतो. यंत्राचेही तसेच आहे. पेरणीच्या आठ दिवस आधी एक सकाळ मीटर घेऊन ट्रॅक्टरजवळ घालवा. पैसे वाचतील आणि वाफसाही हातचा जाणार नाही.