गव्हाची पोळी सोसत नाही तेव्हा

आपल्या गेवराई भागात ज्वारी-बाजरीच्या भाकरीशेजारी आता गव्हाची पोळीही आली आहे. बहुतेकांना ती पचते, थोड्यांना मात्र सोसत नाही. मूल सारखे जुलाबाने बेजार, पोट फुगलेले, वाढ खुंटलेली असेल तर तो ‘सिलिअ‍ॅक’ आजार असू शकतो.

कणकेला चिकटपणा देणारे ग्लुटेन पोटात पुरते पचत नाही. त्याचा ३३ अमिनो आम्लांचा न पचणारा तुकडा शास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवला. असे तुकडे आपोआप जुळून पुंजके होतात, हे पुढे प्रयोगशाळेत दिसले. आतड्याच्या अस्तराला इजा होण्यात या पुंजक्यांचा हात असावा, असा कयास आहे. तो अजून सिद्ध व्हायचा आहे.

शंका आली तरी पोळी लगेच बंद करू नका. गहू सोडल्यावर रक्ततपासणीत आजार सापडेनासा होतो. म्हणून आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. निदान झाले तर गहू, जव, रवा, मैदा, शेवया जन्मभर वर्ज्य. बाजारच्या हिंगातही पुष्कळदा मैदा असतो.

भाकरी खुशाल द्या. पण तिचे दळण गव्हामागोमाग गिरणीत टाकू नका. घरी जाते असेल तर त्यावरच दळा.