प्रार्थनेला योगाची जोड

सकाळचे डबे, नळाचं पाणी, मुलांची शाळा, यजमानांची गाडी. या रगाड्यात देवासाठी वेळ काढायचा तरी कधी? ही तक्रार देवपूजा करणाऱ्या बाईची जितकी, तितकीच आम्हा ख्रिस्ती बायकांचीही आहे. बरं, वेळ काढला तरी मन कुठे बसतं? गुडघे टेकून डोळे मिटावेत, तर डोळ्यांपुढे गॅसवर ठेवलेलं दूध! ओठांवर प्रभूची प्रार्थना आणि मनात वाण्याचा हिशेब. पाच मिनिटांत 'आमेन' म्हणून उठायचं आणि दिवसभर रुखरुख लावून घ्यायची, की आज प्रार्थना झाली पण देवाशी बोलणं काही झालं नाही.

अशा वेळी आसनं, श्वास आणि ध्यान यांचा फार उपयोग होतो, हा माझा गेल्या काही वर्षांचा अनुभव आहे. पण हे म्हटलं रे म्हटलं, की दोन्ही बाजूंनी भुवया उंचावतात. शेजारच्या वहिनी विचारतात, "अगं, तुमच्यात हे चालतं?" आणि आमच्यातल्याच एखाद्या मावशी कुजबुजतात, "हे आपलं नव्हे हो!" मी शाळेत अर्धवेळ शिकवते. २१ जूनचा योगदिन जवळ आला, की एखादी ख्रिस्ती आई हमखास वर्गाबाहेर थांबते. "बाई, माझ्या मुलीने हे करावं की नाही?" तिच्या आवाजातली काळजी खरी असते. मुलगी वर्गात एकटी पडू नये असंही तिला वाटतं आणि आपली श्रद्धाही दुखावू नये असंही वाटतं. तेव्हा या प्रश्नाचं उत्तर हसण्यावारी न नेता नीट द्यायला हवं.

हे काही आजचं नाही

पहिली गोष्ट म्हणजे, आपल्या महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसांना हा विचार नवा नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. पण तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते सांगत. त्यांची अभंगाच्या चालीवरची भजनं मराठी चर्चमधून आजही म्हटली जातात. १९२२ साली जॅक विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्याने ख्रिस्त सेवा संघ काढला. पुढे पुण्यात त्यांचा आश्रम उभा राहिला. तिथलं राहणं, जेवणखाण, बसणंउठणं देशी वळणाचं. त्याच आश्रमात १९७२पासून रोमन कॅथलिक आणि अँग्लिकन अशा दोन पंथांच्या भगिनी एकत्र राहू लागल्या. आमच्यासारख्या बायकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट.

मग फादर अँथनी डिमेलो. जन्म मुंबईचा, १९३१चा. या जेझुइट धर्मगुरूंनी पुण्यात 'साधना' संस्था सुरू केली आणि पुढे ती लोणावळ्याला नेली. १९७८ साली निघालेल्या त्यांच्या 'साधना' या इंग्रजी पुस्तकात शांत बसणं, शरीराची जाणीव, श्वासाची जाणीव असे साधे साधे पाठ आहेत. ते वाचून देशोदेशीचे लोक प्रार्थनेला बसू लागले.

श्वास आणि जप आपल्याकडेही

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. जप आणि श्वास या गोष्टी ख्रिस्ती परंपरेलाही परक्या नाहीत. कॅथलिक घरातली आजी रोझरी ओढते, तिला मराठीत आपण जपमाळच म्हणतो. पूर्वेकडच्या जुन्या चर्चमध्ये येशूचं नाव आणि दयेची विनवणी श्वासाबरोबर पुन्हा पुन्हा म्हणायची पद्धत शेकडो वर्षांची आहे. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी १६व्या शतकात प्रार्थनेची एक रीत सांगून ठेवली आहे. प्रभूच्या प्रार्थनेतला एक शब्द एका श्वासाला म्हणायचा, दुसऱ्या श्वासाला पुढचा शब्द. घाई करायची नाही.

जॉन मेन या बेनेडिक्टीन साधूची गोष्ट तर मोठी मजेची आहे. साधू होण्याआधी मलायात नोकरीला असताना एका हिंदू स्वामींकडून ते एक शब्द धरून ध्यान करायला शिकले. पुढे मठात गेल्यावर जुने ख्रिस्ती ग्रंथ वाचताना त्यांना चौथ्या-पाचव्या शतकातल्या जॉन कॅसियनच्या लिखाणात तीच रीत सापडली! त्यांनी 'मारानाथा' हा शब्द घेतला. येशूच्या काळच्या अरामी भाषेतला हा शब्द, अर्थ 'प्रभू, ये'.

मग हरकत कुणाची?

हरकत घेणारे सगळेच काही आडमुठे नसतात. पतंजलींच्या योगात आसन आणि प्राणायाम ही आठांपैकी दोन अंगं. त्या वाटेचं टोक म्हणजे चित्ताच्या वृत्ती शांत होऊन मिळणारं कैवल्य. ख्रिस्ती प्रार्थनेचं टोक मात्र देवाशी नातं, लेकराने बापाशी बोलावं तसं बोलणं. दोन्ही एकच आहे असं म्हटलं, तर दोघांवरही अन्याय होतो. रोमने १९८९ साली बिशपांना एक पत्र पाठवलं, त्यात हाच मुद्दा आहे. दुसऱ्या धर्मातलं उपयोगी ते घ्यावं, पण ख्रिस्ती प्रार्थनेचं मूळ रूप झाकलं जाऊ नये. शरीराला मिळालेला आराम म्हणजे पवित्र आत्म्याचा साक्षात्कार, असंही समजू नये. फादर डिमेलोंच्या नंतरच्या काही विचारांवर १९९८ साली रोमने आक्षेप घेतला. पण सुरुवातीची पुस्तकं ख्रिस्ती वळणातच राहिली आहेत, असंही त्याच निवेदनात म्हटलं आहे.

प्रॉटेस्टंट मंडळींत तर एकेका चर्चचं मत निराळं. म्हणून माझं म्हणणं असं, की आधी आपल्या पाळकांशी किंवा फादरांशी मोकळेपणाने बोलावं. लपूनछपून काही करू नये. सूर्यनमस्काराच्या मंत्रांत सूर्याला वंदन आहे. ते आपल्या मनाला पटत नसेल, तर तसं नम्रपणे सांगावं आणि बाकीची आसनं करावीत. वर्गाबाहेरच्या त्या आईलाही मी हेच सांगते. मात्र दुसऱ्याच्या मंत्राला नावं ठेवू नयेत आणि ज्यांच्याकडून घेतलं त्यांचे उपकारही विसरू नयेत.

रोजचा पंधरा मिनिटांचा पाठ

आता कसं करायचं ते सांगते. वेळ पहाटेची उत्तम, घर उठायच्या आत. पोट रिकामं असावं. सतरंजी किंवा घोंगडी अंथरावी.

पहिली तीन-चार मिनिटं शरीरासाठी. ताडासनात सरळ उभं राहून हात वर ताणावेत, मग खांदे आणि मान हलकेच मोकळी करावी. ओट्याशी उभं राहून आखडलेली पाठ आधी सुटली पाहिजे, नाहीतर प्रार्थनेत तीच बोलत राहते!

मग बसावं. वज्रासन जमलं तर छान, कारण गुडघे टेकण्याची आपली सवय त्याच्या जवळची. नाहीतर साधी मांडी घालावी. गुडघे दुखत असतील तर सरळ पाठीची खुर्ची घ्यावी, त्यात कमीपणा नाही. दोन मिनिटं नुसतं ऐकावं. पाखरं, दूधवाल्याची सायकल, वरच्या मजल्यावरची बादली, सगळं. आवाजाशी झगडलं की तो जास्त टोचतो, नुसता ऐकला की मागे पडतो.

त्यानंतर श्वासाकडे लक्ष द्यावं. तो ओढायचा नाही, कोंडायचा नाही, येतो-जातो तसा पाहायचा. त्याला एक छोटी हाक जोडावी. श्वास आत येताना 'प्रभू येशू', बाहेर जाताना 'दया कर'. किंवा मा-रा-ना-था अशी चार अक्षरं सारख्या लयीत. मन पळालं तर स्वतःवर चिडू नये. रांगतं मूल उंबऱ्याकडे गेलं, की आपण त्याला उचलून परत आणतो ना, तसंच मनाला आणावं.

शेवटची पाच मिनिटं शुभवर्तमानातला एक लहानसा प्रसंग वाचावा आणि आपल्या शब्दांत देवाशी बोलावं. सासूबाईंचं दुखणं, मुलाचा अभ्यास, मनातला राग, काहीही. हा भाग गाळू नये. ख्रिस्ती बाईसाठी आसन आणि श्वास ही तयारी आहे, भेट इथे होते.

काही पथ्यं

रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही सुरू करू नये. कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास रोखून धरणं तर टाळावंच. पुस्तकात पाहून अवघड आसनं करण्यापेक्षा जाणकार शिक्षिकेकडून शिकावीत.

आणखी एक. शांत बसल्यावर दडपलेलं दुःख कधीकधी वर येतं. एखाद दिवस रडू आलं तर येऊ द्यावं. पण उदासपणा आठवड्यामागून आठवडे हटेना, झोप उडाली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर ते ध्यानाने बरं करायच्या भरीस पडू नये. डॉक्टरकडे जावं. डॉक्टरकडे जाणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं नव्हे.

घरच्यांवर सक्ती करू नये. आमच्या सासूबाईंना आरंभी हे मुळीच पसंत नव्हतं. मी वाद घातला नाही, फक्त त्यांची जपमाळ म्हणायची वेळ आणि माझी बसायची वेळ एकच ठेवली. आता त्या खुर्चीवर, मी सतरंजीवर. त्यांचे मणी चालतात, माझा श्वास चालतो. रविवारी चर्चला मात्र सगळे मिळून जातो, कारण एकटीचं ध्यान कितीही चांगलं झालं, तरी चारचौघांबरोबरच्या उपासनेची जागा ते घेत नाही.

ज्यांना करून पाहायचं असेल त्यांनी एक महिना रोज पंधराच मिनिटं बसून पाहावं. फरक पडला की नाही, ते त्या दिवसातल्या अनुभूतींवरून ठरवू नये. घरातल्यांशी आपलं बोलणं थोडं मवाळ झालं का, ते पाहावं. आणि हे आपण सांगण्यापेक्षा मुलांना विचारावं, ती खरं सांगतात!