नसलेल्या आज्ञेचे पालन

कोणताही प्रक्रियक, म्हणजे प्रोसेसर, प्रत्यक्ष घडविला जाण्यापूर्वी कागदावर ठरविला जातो. त्याला कोणकोणत्या आज्ञा समजतील, प्रत्येक आज्ञा किती बिटांत लिहिली जाईल, तिचे उत्तर कोठे ठेवले जाईल, या सर्वांची नोंद एका ग्रंथात केलेली असते. या नोंदीला आज्ञासंच म्हणतात. आज्ञावली लिहिणारा मनुष्य या ग्रंथावर विसंबून काम करतो. त्याच्या दृष्टीने आज्ञासंच हा एक करार आहे: ग्रंथात जी आज्ञा आहे ती दिली असता ग्रंथात सांगितलेलेच फळ मिळाले पाहिजे.

आता असे समजा की, करारात असलेली एखादी आज्ञा प्रक्रियकाच्या सिलिकॉनमध्ये बसविलेलीच नाही. खर्च वाचविण्यासाठी, जागा अपुरी पडली म्हणून, किंवा ती आज्ञा करारात पुढे कधीतरी समाविष्ट झाली म्हणून ती राहून गेली. अशा वेळी आज्ञावली तेथेच बंद पडावी काय? याचे उत्तर ‘नाही’ असे देता येते, आणि ते देण्याचे काम कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल, करीत असतो.

मराठी टंकलेखन यंत्र ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही गोष्ट समजण्यास अवघड जाणार नाही. त्या यंत्रावर कळा मोजक्याच असत आणि सगळी जोडाक्षरे काही स्वतंत्र कळांवर मावत नसत. मजकूर लिहून देणारा मात्र आपली जोडाक्षरे निःशंकपणे लिहीत असे. टंकलेखक अर्धे अक्षर उमटवी, त्याला दुसरे जोडी, गरज पडल्यास गाडा एक घर मागे घेऊन वर खूण करी. पत्र वाचणाऱ्यास अक्षर पूर्ण दिसे. एका ठोक्याऐवजी तीन ठोके पडले, हे टंकलेखकालाच ठाऊक. संगणकाचा गाभा नसलेल्या आज्ञेच्या बाबतीत या टंकलेखकाची भूमिका बजावतो.

पूर्वपीठिका

ही कल्पना फार जुनी आहे. इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथे १९६२ साली कार्यान्वित झालेल्या ॲटलस या संगणकात ‘एक्स्ट्राकोड’ नावाच्या आज्ञा होत्या. लिहिताना त्या इतर आज्ञांसारख्याच दिसत. परंतु त्या आल्या की यंत्र एका राखीव स्मृतीतील छोट्या आज्ञावलीकडे वळे आणि काम तेथे पार पडे.

१९८५ च्या सुमारास डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीने आपला व्हॅक्स हा मोठा संगणक लहान आकारात आणला. व्हॅक्सच्या आज्ञासंचात ३०४ आज्ञा होत्या. त्यांतील १७५ आज्ञा मायक्रोव्हॅक्सच्या मुख्य चिपवर बसविण्यात आल्या. अपूर्णांकी गणिताच्या ७० आज्ञा एका सोबतच्या चिपकडे सोपविण्यात आल्या. उरलेल्या ५९ आज्ञा कोणत्याही चिपवर नव्हत्या; त्यांचे अनुकरण सॉफ्टवेअरने करावयाचे असे ठरले. मोठ्या व्हॅक्सवरील आज्ञावली या लहान यंत्रावर तशीच चालू शके, याचे रहस्य येथे आहे.

आपल्याकडील कार्यालयांत आणि महाविद्यालयांत आलेल्या पीसी संगणकांतही हाच प्रश्न होता. इंटेलच्या ८०३८६ या प्रक्रियकात अपूर्णांकी गणिताचा विभाग नव्हता. त्यासाठी ८०३८७ ही वेगळी चिप विकत घेऊन बसवावी लागे. ती नसेल तेव्हा प्रक्रियकातील एक विशिष्ट बिट चढवून ठेवता येई. मग अपूर्णांकी गणिताची प्रत्येक आज्ञा गाभ्याकडे वळविली जाई आणि तेथे पूर्णांकांच्या साहाय्याने ते गणित केले जाई. लिनक्सच्या गाभ्यात असे अनुकरण आरंभीच्या वर्षांतच समाविष्ट झाले होते.

पवईचे उदाहरण

भारतात या प्रश्नाला आज वेगळे महत्त्व आले आहे. मुंबईत पवई येथील भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत प्राध्यापक माधव देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अजित’ हा प्रक्रियक विकसित केला. तो २०१९ साली जाहीर झाला. चंदीगडजवळ मोहाली येथील सरकारी सेमी-कंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्राने त्याची चिप तयार करण्यात आली. जगातील आघाडीचे कारखाने त्या वेळी १० नॅनोमीटरच्याही खाली उतरले होते. रेषा जितकी जाड, तितकी एका चिपवर मावणारी मंडले कमी. अशा स्थितीत कोणती आज्ञा सिलिकॉनमध्ये बसवावी आणि कोणती सॉफ्टवेअरवर सोपवावी, हा काटकसरीचा प्रश्न ठरतो.

अजितच्या रचनाकारांनी स्वतःचा नवा आज्ञासंच निर्माण केला नाही. त्यांनी आयईईई १७५४ हे खुले मानक स्वीकारले. हे मानक म्हणजे सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीच्या ‘स्पार्क’ आज्ञासंचाची आठवी आवृत्ती होय. यामुळे स्पार्कसाठी पूर्वी लिहिलेले कंपायलर आणि कार्यप्रणाली यांचा लाभ घेणे शक्य होते. परंतु वारसा घेतला की त्याबरोबर वारशाचा करारही पाळावा लागतो. ग्रंथातील प्रत्येक आज्ञेचा जबाब कोणीतरी दिलाच पाहिजे. स्पार्कच्या मानकाने ही अडचण आधीच ओळखून काही आज्ञा सॉफ्टवेअरने पार पाडण्याची मुभा दिलेली आहे. ती प्रत्यक्षात कशी अमलात येते, हे आपण स्पार्कच्याच इतिहासातील एका उदाहरणाने पाहू.

गुणाकाराचे काय होते?

स्पार्कच्या सातव्या आवृत्तीत पूर्णांकांच्या गुणाकाराची संपूर्ण आज्ञा नव्हती. गुणाकाराची केवळ एक पायरी पुढे नेणारी आज्ञा होती. आठव्या आवृत्तीने गुणाकार आणि भागाकार यांच्या पूर्ण आज्ञा दिल्या. त्यामुळे जुन्या यंत्रावर नवी आज्ञावली चालविली की अनोळखी आज्ञा समोर येऊ लागली. सनच्या जुन्या यंत्रांसाठी लिनक्सच्या गाभ्यात या आज्ञांचे अनुकरण करणारा एक भाग लिहिला गेला होता. त्याचे काम पुढील क्रमाने चाले.

समजा, आज्ञावलीला ३,००,००० आणि ४०,००० यांचा गुणाकार हवा आहे. प्रक्रियक ३२ बिटांची आज्ञा वाचतो. ती त्याच्या ओळखीची नाही. तो आज्ञावली थांबवितो, स्वतःस विशेषाधिकाराच्या अवस्थेत नेतो आणि एका ठराविक पत्त्यावर उडी घेतो. या घटनेस ‘ट्रॅप’ म्हणतात. त्या पत्त्यावर गाभ्याचा पहारेकरी बसलेला असतो.

गाभा प्रथम आज्ञा कोठे अडली तो पत्ता पाहतो आणि तेथील ३२ बिट पुन्हा वाचतो. त्यांतील पाच-पाच बिटांचे गट रजिस्टरांचे क्रमांक सांगतात: पहिली संख्या कोठे आहे, दुसरी कोठे आहे, उत्तर कोठे ठेवावयाचे आहे. मग तो त्या रजिस्टरांतील मूल्ये गोळा करतो. स्पार्कमध्ये हे काम वाटते तितके सरळ नाही. तेथे रजिस्टरांची ‘खिडकी’ सरकत असते. आज्ञावलीची काही रजिस्टरे ट्रॅपच्या वेळी जतन केलेल्या नोंदीत सापडतात, तर काही स्मृतीतील तिच्या स्टॅकवर उतरवून ठेवलेली असतात.

मूल्ये हाती आली की गुणाकार होतो. उत्तर १२,००,००,००,००० येते. ३२ बिटांच्या एका रजिस्टरात ४,२९,४९,६७,२९६ इतकी भिन्न मूल्ये मावतात. म्हणून हे उत्तर एका रजिस्टरात बसत नाही. करारात म्हटले आहे की, उत्तराचा वरचा अर्धा भाग ‘वाय’ नावाच्या रजिस्टरात ठेवावा आणि खालचा अर्धा सांगितलेल्या रजिस्टरात. त्याप्रमाणे ‘वाय’मध्ये २ जाते आणि दुसऱ्यात ३,४१,००,६५,४०८ ही संख्या जाते. आज्ञेच्या एका प्रकारात उत्तर शून्य आहे काय, ऋण आहे काय, हे दर्शविणारे बिटही लावावे लागतात. यांपैकी काहीही विसरले तर गुणाकार बरोबर असूनही आज्ञावली चुकते.

अखेरीस गाभा आज्ञावलीला तिच्या मार्गावर परत सोडतो. तिला काही घडल्याचे कळत नाही.

सावधगिरीच्या जागा

परतीचा मार्ग हीच पहिली धोक्याची जागा होय. स्पार्कमध्ये उडी घेण्याच्या आज्ञेनंतरची आज्ञा आधी पार पडते आणि मगच उडी घडते. अडलेली आज्ञा नेमकी या जागी असेल तर तिच्यानंतरची आज्ञा चार बाइट पुढे नसून उडीच्या मुक्कामावर असते. याकरिता ट्रॅपच्या वेळी प्रक्रियक दोन पत्ते जपून ठेवतो: चालू आज्ञेचा आणि त्यानंतरच्या आज्ञेचा. परतताना दुसरा पत्ता पहिल्याच्या जागी आणावा लागतो. जो गाभा पहिल्या पत्त्यात केवळ चार मिळवून मोकळा होईल, तो आज्ञावलीला भलत्याच वाटेला लावील.

दुसरी जागा अपूर्णांकी गणिताची. स्पार्कच्या करारात १२८ बिटांच्या अपूर्णांकी संख्यांच्या आज्ञाही आहेत. इतके रुंद गणित सिलिकॉनमध्ये करणे महाग असते. म्हणून प्रक्रियक आपल्या स्थितिदर्शक रजिस्टरात ‘ही आज्ञा येथे बसविलेली नाही’ अशी खूण करून काम गाभ्याकडे पाठवू शकतो. अपूर्णांकी विभाग मुख्य विभागापासून काहीसा स्वतंत्र चालत असल्याने ही तक्रार उशिरा पोहोचू शकते. तोवर मुख्य विभाग पुढे गेलेला असतो. त्यासाठी अपुऱ्या राहिलेल्या आज्ञांची एक रांग ठेवण्याची तरतूद आहे. गाभ्याने ती रांग क्रमाने रिकामी करावयाची आणि शेवटच्या बिटापर्यंत मानकाशी जुळणारे उत्तर द्यावयाचे. उत्तर ‘जवळजवळ बरोबर’ असून चालत नाही. एकच आज्ञावली दोन यंत्रांवर दोन उत्तरे देऊ लागली, तर करारावरील विश्वासच उडतो.

तिसरी जागा सुरक्षिततेची आहे. गाभ्याला संपूर्ण स्मृती खुली असते. सामान्य आज्ञावलीला तशी नसते. स्मृतीतून काही वाचणाऱ्या आज्ञेचे अनुकरण करताना गाभ्याने आज्ञावलीच्या अधिकारांनीच वाचले पाहिजे. हे पथ्य पाळले नाही, तर एखादी लबाड आज्ञावली मुद्दाम ट्रॅप घडवून गाभ्याच्या हातून निषिद्ध जागेतील माहिती बाहेर काढील. तसेच जी आज्ञा करारातच नाही, तिच्याबद्दल गाभ्याने दया दाखवू नये. अशा वेळी ‘बेकायदा आज्ञा’ असा संकेत आज्ञावलीकडे पाठविला जातो आणि सर्वसाधारणपणे ती तेथेच संपते.

किंमत कोण मोजतो?

जी आज्ञा सिलिकॉनमध्ये काही ठोक्यांत पार पडते, तिच्या अनुकरणास शेकडो ठोके लागू शकतात, कारण मूळ गणिताइतकाच किंवा त्याहून अधिक वेळ ट्रॅपमध्ये शिरण्यात आणि बाहेर पडण्यात जातो. अजितचा वेग सेकंदास ७ ते १२ कोटी ठोके इतका सांगितला गेला आहे. एवढ्या शिदोरीवर चालणाऱ्या यंत्राने एखाद्या आज्ञेचे अनुकरण दिवसातून दहा वेळा केले तर कोणाच्या लक्षातही येणार नाही; सेकंदात लाख वेळा केले तर यंत्र हतबल होईल. म्हणून एखादी आज्ञा वारंवार लागणार असेल तर कंपायलरलाच ती टाळण्यास सांगणे श्रेयस्कर असते. मग ट्रॅप न घडता आज्ञावली स्वतःच योग्य त्या उपआज्ञावलीला हाक मारते. अनुकरण ही विरळ प्रसंगांसाठी आणि बदलता न येणाऱ्या जुन्या आज्ञावलींसाठी केलेली सोय आहे.

हा विचार नव्या पिढीच्या आज्ञासंचांत उघडपणे मांडलेला दिसतो. मद्रास येथील भारतीय प्रौद्योगिकी संस्थेचे ‘शक्ती’ आणि सी-डॅकचे ‘वेगा’ हे प्रक्रियक ‘रिस्क-फाइव्ह’ या खुल्या मानकावर आधारलेले आहेत. त्या मानकात पायाभूत आज्ञा थोड्या असून पूर्णांकांचा गुणाकारसुद्धा ऐच्छिक विस्तार म्हणून ठेवलेला आहे. सिलिकॉनने काय करावे आणि सॉफ्टवेअरने काय करावे, ही सीमारेषा रचनाकाराने आपल्या गरजेनुसार आणि ऐपतीनुसार आखावी, असा त्याचा अर्थ होतो.

ज्या देशाजवळ अद्ययावत चिप कारखान्यांची श्रीमंती नाही, त्याच्या दृष्टीने ही सीमारेषा हलविता येणे फार मोलाचे आहे. साधी चिप आणि काळजीपूर्वक लिहिलेला गाभा मिळून मोठ्या करारास उतरू शकतात. वेग कमी पडेल, तो पुढील चिपमध्ये वाढविता येईल. त्या दिवशी आज्ञा सिलिकॉनमध्ये येईल, ट्रॅप घडणे थांबेल आणि गाभ्यातील तो भाग मुकाट्याने निवृत्त होईल. आज्ञावलीतील एक अक्षरही त्यासाठी बदलावे लागणार नाही.